पदवीवरची बाई आणि पासपोर्टवरची बाई

गेल्या मंगळवारी, आखातातल्या नोकरीसाठी पदवीवर शिक्का मिळवायची माझी फाइल कॉन्सुलेटच्या (त्या देशाच्या मुंबईतल्या दूतावास कचेरीच्या) खिडकीतून आत गेली आणि पहिल्यांदाच परत आली नाही. आली ती फक्त पावती. ती पर्समध्ये ठेवून बाहेर फुटपाथवर उभी राहिले आणि यांना फोन केला, तर हे म्हणाले, "आता काय निघालं?" दोन वेळच्या अनुभवाने आमच्या घरात 'झालं का?' हा प्रश्नच बंद झाला होता.

मी अमळनेरची. चौदा वर्षं विज्ञान शिकवते आहे, तीही विनाअनुदानित तुकडीवर, म्हणजे जिच्या पगाराला सरकारचं पूर्ण अनुदान नाही. ज्यांना हा शब्द कळतो त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांना कळत नाही त्यांना 20 टक्के, 40 टक्के टप्पा अनुदानाचं गणित एका पोस्टीत समजावणं माझ्याच्याने होणार नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 ज्या गावात मास्तर होते, त्या गावची बाई पैशासाठी आखातात चालली, असं एका काकांनी माझ्या तोंडावर म्हटलं. काका स्वतः अनुदानित शाळेतून निवृत्त झालेत, पेन्शन चालू आहे. असो.

तर आखातातल्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेचं ऑफर लेटर आलं. आपल्याला वाटतं, आता कॉन्सुलेटमध्ये जायचं, व्हिसा घ्यायचा. तसं नसतं. मी जाणार त्या देशात वर्क परमिट आणि व्हिसा तिकडून शाळाच काढते. पण माझ्या पदवीवर आणि बीएडवर त्यांच्या मुंबईतल्या कॉन्सुलेटचा शिक्का पडल्याशिवाय शाळेचं काम पुढे सरकत नाही. आणि कॉन्सुलेट शिक्का मारतं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बघून. मंत्रालय मारतं राज्य सरकारचा बघून. राज्याला विद्यापीठाची खात्री हवी असते. म्हणजे प्रत्येक खिडकी फक्त मागच्या खिडकीची सही ओळखते. मला कोणीच ओळखत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा संताप कमी होतो. माझ्या डोक्यात ते बसेपर्यंत आठ महिने गेले.

पहिली फाइल परत आली ती एजंटमुळे. म्हणजे एजंटवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या माझ्यामुळे. त्याने सगळ्या कागदांना अपोस्टिल करून आणलं. छान चौकोनी स्टिकर, वर नंबर. अपोस्टिल ही 1961च्या हेग कराराची सोय आहे. करारातल्या देशांनी एकमेकांच्या कागदांना हा एकच शिक्का पुरेसा मानायचा, पुढे दूतावासात जायची गरज नाही. आपल्याकडे ती 2005पासून आहे. फक्त समोरचा देशही त्या करारात असावा लागतो. मी जाणार तो देश नाही. आखातातही सारखेपणा नाही बरं का. ओमान आणि बहारीन करारात आहेत, सौदीही अलीकडे आला, अमिराती, कतार आणि कुवेत यांना मात्र दूतावासाचा शिक्का लागतो. खिडकीतल्या माणसाने स्टिकर बघितलं, फाइल बंद केली आणि सरकवली. एवढंच. अपोस्टिलची मंत्रालयाची फी कागदामागे 50 रुपये असते, वर जमा करून घेणाऱ्या केंद्राचे थोडे. एजंटने माझ्याकडून कागदामागे साडेचार हजार घेतले होते. फोन केला तर म्हणे, "मॅडम, तुम्ही देश कुठला ते नीट सांगितलं नव्हतं." त्याच्याच व्हॉट्सॲपवर मी ऑफर लेटर पाठवलेलं होतं!

दुसऱ्या वेळेचं मात्र मनाला लागलं.

माझं माहेरचं आडनाव चौधरी, सासरचं पाटील. इथपर्यंत ठीक. पण आमच्याकडे अजूनही लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. मला तेव्हा गंमत वाटली होती, फोटोतही हसतेय. पुढे रेशनकार्ड, आधार आणि पासपोर्ट सगळं त्या तांदळातल्या नावाने झालं. त्यामुळे पदवीवरच्या बाईचं पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं (तिथे वडील, इथे नवरा) आणि आडनाव वेगळं. माझ्या पदवीच्या कागदावर जन्मतारीखही नाही, फोटोही नाही. या दोन बायांचा एकमेकींशी संबंध आहे, हे कोणी कशावरून मानायचं? खिडकीतला माणूस हिंदीत म्हणाला, "ये डिग्री आपकी नहीं है." मी म्हटलं, माझीच आहे, मी शिकलेय. तो म्हणाला, "होगी. पेपर पे नहीं है."

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आते तुन्हं खरं नाव काय शे व माय?"

मी हसले. नंतर आत जाऊन रडले, तेही सांगते.

तिथून पुढे राजपत्र. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा, अर्ज ऑनलाइन होतो. ते लग्नानंतर लगेच करता येतं, पण कोणी करत नाही, कारण सुनेला कधी पदवी दाखवायची वेळ येईल असं तांदूळ पसरणाऱ्यांच्या डोक्यातच नसतं. त्याला जोड म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. आमची नोंदणीच झाली नव्हती, ती ग्रामपंचायतीत केली. ग्रामसेवक भाऊ चांगले, पण त्यांनी इंग्रजी रकान्यात माझ्या वडिलांचं नाव लिहिताना चूक केली आणि पेनाने गिरवून दुरुस्त केली. मी म्हटलं, भाऊ, नवीन द्या. ते म्हणाले, "ताई, एवढ्याशाला कोन पाहतं?" पाहतात, भाऊ. तिकडे पट्टी ठेवून पाहतात.

पट्टीचं खरंच सांगते. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या माणसाने राजपत्र आणि पदवी शेजारी ठेवली आणि स्टीलची पट्टी एकेका ओळीखाली सरकवत अक्षर न् अक्षर जुळवलं. काचेच्या अलीकडून मला फक्त पट्टी दिसत होती. ती चौधरीवर थांबली. दहावीच्या मार्कशीटवर शाळेने चौधरीत 'ओ' घातला होता, विद्यापीठाने 'ए'. राजपत्र निघालं दहावीवरून, म्हणजे 'ओ'चं. खानदेशात चौधरी आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात हे मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. सख्ख्या भावांची स्पेलिंगं वेगळी असतात. नशिबाने अमळनेरच्या एका वकील ताईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र सोबत होतं. पट्टी पुढे सरकली.

मग विद्यापीठ. माझी पदवी 2008ची, त्यावर छापलंय 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ'. शिक्षण नियमित झालं की बहिःस्थ, याचं पत्र मी आत्ता आणलं, त्यावर 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', कारण 2018मध्ये नामविस्तार झाला. त्या माणसाने विचारलं, "ये कवयित्री कहाँ पे है?" त्याला ते गावाचं नाव वाटलं! आणि हा चौधरी परत वेगळा का, हेही त्याने विचारलं. जी बाई कधी शाळेत गेली नाही, जिची गाणी दुसऱ्यांनी लिहून घेतली, तिच्या नावाचं स्पेलिंग माझ्या पदवीच्या आड येत होतं. नामविस्ताराचा कागद फाइलीत होता, तो दिला. (आपल्याकडच्या 1990च्या आधीच्या पदवीधरांची तर अजून वेगळी गंमत आहे. त्यांचं कॉलेज जळगाव-धुळ्याचं आणि पदवी पुणे विद्यापीठाची.) बीएड एकच वर्षाचं कसं, हाही प्रश्न आला. 2015च्या आधी ते एकच वर्षाचं होतं, हे एनसीटीईच्या, म्हणजे बीएडचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, नियमाची प्रत दाखवून सांगितलं.

आता माझं म्हणणं. पट्टी ठेवून बघतात याचा मला राग नाही. बनावट पदव्या विकणारे आपल्याच देशात आहेत, मग परक्या देशाने आपल्या पोरांसमोर कोणाला उभं करायचं ते तपासावंच. राग याचा आहे की पहिल्या वेळी फाइल परत देताना एकच चूक सांगितली. नावाची चूक तेव्हाही त्याच फाइलीत होती. एका कागदावर सगळं लिहून दिलं असतं तर माझी एक खेप, एक बिनपगारी रजा आणि पहिली नोकरी वाचली असती. हो, पहिली नोकरी गेली. तिकडच्या भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात. त्यांनी मार्चअखेरपर्यंत वाट पाहिली आणि दुसरी शिक्षिका घेतली. त्यांचंही काय चुकलं? आणि खेप म्हणजे काय, तर मुंबईला जाणारी खानदेश एक्स्प्रेस रोज नसते. अपॉइंटमेंटच्या वाराला गाडी जुळली नाही तर आधी जळगाव गाठा. आम्ही सकाळच्या पहिल्या नंबरला काचेसमोर उभे असतो तेव्हा मागची सगळी रात्र गाडीत गेलेली असते, हे त्या काचेपलीकडे कोणाला माहीत नसतं.

सगळीकडे असंच असतं असंही नाही. माझी धुळ्याची मैत्रीण जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसावर अमेरिकेत शिकवायला गेली. तिथे उलटी तऱ्हा. तिने सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, घराचा उतारा, कापूस विकल्याच्या पावत्या असा गठ्ठा नेला होता, परत येणार हे पटवायला. अधिकाऱ्याने एकही कागद उघडला नाही. काय शिकवता, किती वर्षं शिकवता, मुलं गोंधळ घालतात तेव्हा काय करता, एवढंच विचारलं. तीन मिनिटं. पण त्या व्हिसाला मुदत असते. तीन वर्षं, फार तर आणखी दोन. आणि डिसेंबर 2024पर्यंत आपल्याकडच्या बऱ्याच जणांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिकडे कायमचं जाता येत नव्हतं. हे तिला एजंटने सांगितलं नव्हतं, तिने स्वतः वाचलं. इंग्लंडने 2023पासून भारतीय शिक्षकांना क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या अधिकृत शिक्षक-पात्रतेसाठी, अर्ज करायची वाट उघडली आहे. गणित, विज्ञान आणि भाषा, 11 ते 16 वयाच्या मुलांसाठी. त्या अर्जाला फी नाही. तरी त्या अर्जाचेच पैसे घेणारे 'कन्सल्टंट' मला जळगावात भेटले.

एजंट वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण ज्याच्याकडे जाल त्याचं नाव परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघा. नोंदणी असलेल्या भरती एजंटलाही 30 हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलू' असं कोणी म्हटलं तर चहा पिऊन उठा. आणि पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्टच्या साइटवरून 500 रुपयांत होतो, पण बहुतेक ठिकाणी तो ताजा लागतो. मी हौसेने सगळ्यात आधी काढला आणि दोनदा काढावा लागला.

मुलगी यंदा नववीत आहे. काल शाळेतून बोर्डाच्या नोंदणीसाठी नावाचं स्पेलिंग मागितलं, तेव्हा मी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन वर्गशिक्षकांसमोर जाऊन बसले. ते म्हणाले, "मॅडम, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, नको सर, तुम्ही लिहा, मी बघते. त्यांनी लिहिलं. मी त्यांच्याच टेबलावरची पट्टी घेतली आणि ओळीखाली ठेवली.

कागदांचा क्रम कोणाला हवा असेल तर खाली कॉमेंटमध्ये विचारा, सवडीने लिहीन. एजंटचा नंबर मात्र इनबॉक्सात मागू नका, मी देणार नाही.