भांडुपच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर: चरबी उतरवताना वजन का उचलायचं

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चरबी कमी करताना स्क्वॉट (बसून उठणं), डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून वजन उचलणं), रोइंग (वजन अंगाकडे खेचणं), प्रेस (वजन अंगापासून ढकलणं) असे मोजकेच व्यायाम पेलेल तेवढ्या जड वजनाने करा, असं मी लिहिलं होतं. तुमच्या जिममधला ट्रेनर मात्र बर्पी (खाली जाऊन लगेच उठून उडी मारणं), जम्पिंग जॅक, दोन किलोच्या डंबेलने पंचवीस-पंचवीस रेप्स (आवर्तनं) आणि शेवटी पोटाचे क्रंचेस करून घेतो. टी-शर्ट अक्षरशः पिळून काढावा लागतो. माझ्या पद्धतीत एक सेट (सलग काढलेले रेप्स) मारून दोन मिनिटं बसायचं, मग चरबी जळणार कशी, असं तुम्ही विचारता. शिवाय हे सगळं बारबेलसमोर (दोन्ही टोकांना वजनं लावलेल्या लांब दांड्यासमोर) उभ्या राहणाऱ्या तरण्या पोरांसाठी आहे. ४६ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, भांडुपहून फोर्टला लोकलने जाणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? आणि जाता जाता, रोजचं चालणं सोडायचं का, हेही विचारलंत.

घामाचं आधी उरकून घेऊ. मे महिन्यात दादरच्या पुलावर गर्दीत नुसतं उभं राहिलं तरी पाठ ओली होते. घाम येतो शरीर थंड ठेवण्यासाठी. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून जास्त दिसतो. व्यायामानंतर काट्यावर जे अर्धा किलो कमी दिसतं ते पाणी असतं आणि दोन ग्लास पाण्यासोबत परत येतं.

कॅलरीचा हिशोब मात्र नीट करायला हवा, कारण तुमच्या आक्षेपाचा खरा जोर तिथे आहे. साठ-पासष्ट किलोच्या बाईने अर्धा तास खरोखर दम लागेल असं सर्किट, म्हणजे तुमच्या ट्रेनरसारखे न थांबता एकामागून एक व्यायाम, केलं, तर ढोबळमानाने अडीचशे कॅलरी खर्च होतात. तेवढाच वेळ मी सांगतो तसे मध्ये थांबत सेट मारले, तर सव्वाशेच्या आसपास. फरक सव्वाशेचा, म्हणजे अर्ध्या वडापावचा. एक किलो साठलेली चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्यात तीन दिवस तुमच्या ट्रेनरची पद्धत वापरून माझ्यापेक्षा जी जास्तीची चरबी उतरेल ती महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, तीही तुम्ही नंतर भूक लागून काही खाल्लं नाहीत तर. 'व्यायामानंतरही तासन्तास चरबी जळत राहते' असं जे सांगतात, तो परिणाम आहे, पण अगदी किरकोळ.

इथे वजन उचलण्याच्या बाजूने केला जाणारा एक दावाही खोडून काढतो. स्नायू वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात, असं आमच्याच क्षेत्रातले लोक सर्रास सांगतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम तेरा कॅलरी खर्च करतो. दोन किलो स्नायू कमावले, आणि त्याला कित्येक महिने लागतात, तरी मारी बिस्किटाच्या एका चकतीएवढाच फरक पडणार. एवढ्यासाठी कुणी डेडलिफ्ट शिकू नये.

मग शिकायची कशासाठी? तुम्ही जेवण कमी करून वजन उतरवता तेव्हा उतरणारं सगळं वजन चरबीचं नसतं. नुसत्या आहारावर भर दिला तर साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर गोष्टींचा असतो आणि त्यात स्नायू येतात. घरात पैसा कमी यायला लागला की ज्या वस्तूचा वापर नाही तिच्यावरचा खर्च आधी थांबतो. शरीरही तसंच करतं. ज्या स्नायूला आठवड्यात एकदाही त्याच्या ताकदीच्या हद्दीपर्यंत काम पडत नाही, तो पोसायचं शरीराला कारण उरत नाही. जड वजन हे ते कारण देतं. चरबी कमी होते ती मुख्यतः ताटातल्या फरकाने. जाताना ती स्नायू सोबत घेऊन जाणार नाही, हे बघायचं काम वजनांचं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. जास्त वजनाच्या तरुण पुरुषांचं खाणं गरजेपेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी केलं आणि चार आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. एका गटाला शरीराच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला १.२ ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं; दुसऱ्याची चरबी ३.५ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. ही माणसं तरुण होती आणि देखरेखीखाली होती, त्यामुळे तुमचे आकडे असेच येतील असं मी म्हणणार नाही. पण एवढी कडक उपासमार असूनही प्रथिनं कमी मिळालेल्या गटाचेसुद्धा स्नायू टिकले, हे विसरू नका.

आपल्याकडे याची गरज जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या, पण हातापायाला स्नायू कमी आणि पोटाला चरबी जास्त असणाऱ्या आपल्या माणसांचं ते चित्र आहे. मुळात स्नायूंची शिल्लक कमी असलेल्यांनी वजन उतरवताना आहे तेही घालवणं मला फार लागतं. म्हणून मी या विषयावर एवढा अडून बसतो.

आता व्यायाम कसा निवडायचा ते. मी प्रत्येक व्यायामाला एकच प्रश्न विचारतो: सेट संपतो तेव्हा आधी काय हरतं? बर्पीत आधी श्वास हरतो. मांड्या अजून वीस वेळा उठू शकल्या असत्या, पण छाती भरून आली म्हणून तुम्ही थांबता. हृदयासाठी ते चांगलं, मांडीच्या स्नायूला मात्र काहीच निरोप गेला नाही. डगमगत्या चेंडूवर उभं राहून केलेल्या स्क्वॉटमध्ये आधी तोल हरतो. दोन किलोच्या डंबेलच्या पंचविसाव्या रेपला तर काहीच हरत नाही; ट्रेनरचे आकडे मोजून संपले म्हणून तुम्ही डंबेल खाली ठेवता. पंचवीस हा आकडा वाईट नाही. पाच रेप्सने किंवा तीस रेप्सने, सेट दमेपर्यंत नेला तर स्नायू जवळपास सारखाच वाढतो, हे अभ्यासांतून दिसलंय. अट एवढीच, की थांबताना आणखी दोन-तीनच रेप्स निघाले असते असं वाटायला हवं.

दुसरी गोष्ट, तो व्यायाम पुढच्या महिन्यात थोडा जड करता यायला हवा. आमच्या लालबाग-परळच्या जुन्या व्यायामशाळांत जोर-बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आणि मला त्या मनापासून आवडतात. पण सलग पन्नास बैठका सहज निघू लागल्या की पुढच्या पन्नास दमसासाच्या असतात. पाठीवर ओझं घेतलं की बैठक पुन्हा ताकदीचा व्यायाम होते.

क्रंचेसबद्दल एवढंच सांगतो. १९८४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पुरुषांकडून २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स काढून घेतले होते. पोटावरच्या चरबीच्या पेशी जेवढ्या आक्रसल्या, तेवढ्याच पाठीवरच्या आणि नितंबांवरच्याही आक्रसल्या. पोटाचा स्नायू दमवल्याने पोटाचीच चरबी जात नाही. तो वेळ मला रोइंगला हवा आहे.

तुमचा दुसरा मुद्दा, बारबेलचा आणि गुडघ्यांचा. तुमच्यासाठी बारबेलची काहीच गरज नाही. स्क्वॉट म्हणजे बसून उठणं. घरातल्या खुर्चीच्या कडेवर टेकायचं, हाताचा आधार न घेता उठायचं, खाली जाताना तीन सेकंद घ्यायचे. दहा-बारा सहज निघाले की छातीशी पाच किलो तांदळाची पिशवी धरायची. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. न दुखणारी उंची सापडली की काही आठवड्यांनी उशी काढून बघा. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

डेडलिफ्टच्या जागी दोन्ही हातांत डंबेल किंवा भरलेल्या पिशव्या घ्या, गुडघे किंचित वाकवा, पाठ सरळ ठेवून कंबर मागे ढकला आणि मांडीमागे ताण आला की उभ्या राहा. यात गुडघ्यावर भार फारसा येत नाही, आणि बसून काम करणाऱ्यांचे नेमके जे स्नायू झोपलेले असतात त्यांना जाग येते. प्रेससाठी ओट्याच्या कडेवर हात ठेवून पुश-अप्स. ते सोपे वाटले की पलंगाची कड, मग जमीन. रोइंगसाठी एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने पिशवी कंबरेकडे खेचायची. जिममध्ये असाल तर लेग प्रेस आणि बसून खेचायचं रोइंगचं मशीन बिनधास्त वापरा. मशीनवर तोल सांभाळावा लागत नाही, स्नायूलाच काम पडतं, आणि दोन किलोंनी वजन वाढवणं सोपं जातं. उचलताना श्वास रोखू नका, रक्तदाब असेल तर विशेषच.

दोन मिनिटं बसण्याचा तुम्हाला एवढा राग आहे, तर बसू नका. खुर्चीवरच्या बैठकांचा एक सेट, मिनिटभराने रोइंगचा एक सेट, पुन्हा मिनिटभराने बैठका. पाय विश्रांती घेतात तेव्हा पाठ काम करते. मग पिशव्यांची डेडलिफ्ट आणि ओट्यावरचे पुश-अप्स तसेच. प्रत्येकी तीन सेट पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगितलाय. तुमची धावपळ पाहता दोन दिवस पक्के धरा. तिसरा जमला तर रविवारी सकाळी.

एक वही ठेवा. वजन किती, रेप्स किती, एवढंच लिहायचं. जेवण कमी असताना थकवा येईल. तेव्हा सेट तीनाचे दोन करा, पण पिशवी हलकी करू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: डाएट सुरू झालं की वजन हलकं करून रेप्स वाढवतात, आणि स्नायूला टिकून राहायला जे कारण होतं तेच काढून घेतात. काट्यावरचा आकडा उतरतोय, कंबरेची टेप उतरतेय आणि वहीतले आकडे निदान जागेवर आहेत, तर उतरतेय ती चरबीच. आकडा उतरतोय आणि वहीही उतरतेय, तर जेवण फार कापलंय किंवा झोप कमी पडतेय, असं समजा. कंबरेसाठी आपल्याकडच्या बायकांची मर्यादा ८० सेंटीमीटर मानतात, पुरुषांची ९०.

प्रथिनांचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नव्हता, पण त्याशिवाय हे उत्तर लंगडं राहील. सर्वसाधारण माणसासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना मी १.२ ते १.६ धरतो, म्हणजे तुम्हाला दिवसाला ऐंशी ते शंभर ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किट यातून ते निम्मेही होत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंचवीस-सव्वीस. बांगडा खात असाल तर निम्मी चिंता मिटली. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि चालणं अजिबात सोडू नका. सीएसएमटीपासून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी न घेता पायी जाता, हे उत्तमच. त्याने भूक खवळत नाही, गुडघ्यांना त्रास नाही, आणि आठवड्याचा हिशोब केला तर ते सर्किटच्या तोडीचं काम करतं. बर्पीची मजा येत असेल तर त्याही ठेवा, फक्त वजनं उचलून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं. आधी केल्यात तर बैठकांच्या वेळी पाय आधीच गळालेले असतील आणि पिशवी हलकी करावी लागेल.