कमळ दिसलं की ख्रिस्त नाकारला?

पुण्यातल्या बऱ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. व्हॅन गॉगपासून आपल्या शिवाजीनगरात राहिलेल्या आंजेलो द फोन्सेकांपर्यंत ज्या ज्या चित्रकारांनी चित्रांत कमळासारखी बौद्ध प्रतीकं आणली, त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा खोटी ठरवली, असा त्यातला दावा. कुणी तो खुशीने पुढे पाठवतं, कुणी दुखावून. चित्रं नीट पाहिली तर दोघांच्याही हाती फारसं काही उरत नाही.

पहिला दाखला व्हॅन गॉगचा. १८८८ मध्ये त्याने स्वतःला जपानी बौद्ध भिक्खूच्या रूपात रंगवलं, हे खरं. बेल्जियमच्या खाणकामगारांत धर्मप्रचारक म्हणून राहिलेल्या या माणसाचं चर्चशी बिनसलं होतं, हेही खरं. पण त्याच वर्षी एका पत्रात तो ख्रिस्ताला सगळ्या कलावंतांहून थोर कलावंत म्हणतो. पुढच्या वर्षी देलाक्रवाच्या चित्रावरून तो मृत ख्रिस्ताला सावरणारी त्याची आई मारिया रंगवतो आणि १८९० मध्ये बायबलमधला चांगला शोमरोनी, म्हणजे ख्रिस्ताच्या गोष्टीतला, जखमी परक्याला मदत करणारा वाटसरू. ख्रिस्त ज्याच्या मनातून उतरला, तो हे का रंगवेल?

फ्रेंच चित्रकार पॉल रान्सोंच्या १८९०च्या सुमाराच्या ‘ख्रिस्त आणि बुद्ध’ या चित्रापुरतं मात्र दाव्यात तथ्य आहे. क्रुसावरचा ख्रिस्त आणि बुद्ध त्याने एकाच चौकटीत आणले. तारणाचा मार्ग आपल्याकडेच आहे असं शिकवणाऱ्या चर्चला त्यातून प्रश्न पडणारच. पण रान्सोंच्या वर्तुळाला थिऑसफीची ओढ होती, सर्व धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे हा विचार त्यांना भावला होता. ख्रिस्ताला खोटं पाडणं हा त्या चित्राचा हेतू मला दिसत नाही.

कमळाचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. चीनमध्ये शीआन इथे इसवी सन ७८१चा एक शिलालेख आहे. त्याच्या माथ्यावर कमळावर क्रूस कोरलाय. तो उभारला ख्रिस्ती लोकांनीच, आपला धर्म चीनमध्ये कसा आला ते सांगायला.

आता फोन्सेका. त्यांचं नाव या यादीत पाहून मला खरोखर वाईट वाटलं. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. नंदलालांनी तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, त्या रेषेचा वारसा फोन्सेकांपर्यंत आला. त्यांनी मारियेला साडी नेसवली, भारतीय चेहरा दिला. गोव्यात धर्माचा अवमान म्हणून त्यावर टीका झाली. ते पुण्यात आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि ख्रिस्ती विषयच रंगवत राहिले. १९६७ मध्ये पुण्यातच वारले. हयातभर कॅथलिक राहिलेल्या या माणसावर तेव्हा स्वधर्मीयांनी जो आरोप केला, तोच आज आपण त्यांच्या कर्मभूमीत पुन्हा करतोय.

ख्रिस्ती श्रद्धेला बौद्ध बाजूने प्रश्न विचारायला माझी हरकत नाही. बाबासाहेबांनी १९५०च्या एका लेखात तो उघडपणे विचारलाय: येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटलं आणि ते मानणं ही तारणाची अट ठेवली, बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटलं, मोक्षदाता नाही. हा सरळ, तर्काचा वाद आहे. तो जरूर घालावा. त्यासाठी फोन्सेकांच्या मारियेला साक्षीला ओढायची गरज नाही.