पैसे उचलताना पावतीवर 'निषेधासह' लिहा
कालव्यात दीड एकर गेलं, तेव्हा आमच्या अण्णांनी मोबदल्याच्या पावतीवर मुकाट सही केली. विहिरीवर भिजणारं ते रान निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात, जिरायत धरलं होतं, विहिरीखालची पाइपलाइन तर मोजलीच नव्हती. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पैसे घेताना निषेध नोंदवला होता का?" नव्हता. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 77 स्पष्ट आहे: निषेध न नोंदवता रक्कम घेतली, तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. हे अण्णांना कुणीच सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून कळकळीनं सांगतो. पैसे घ्या, पण हक्क राखून घ्या.

आणि नुसतं "दर कमी दिला" म्हणून भागत नाही, अर्जात कारणं मांडावी लागतात. सगळ्यात भक्कम कारण कलम 26 मध्ये आहे. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेला दर एकीकडे, आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी दुसरीकडे. यातला जो जास्त तो धरायचा. तेव्हा दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांच्या गोषवाऱ्याच्या, नकला काढा आणि निवाड्यात कोणती खतं धरली, कोणती गाळली, ते एकेक करून ताडून बघा. बागायत असेल तर सातबाऱ्यावरची पिकांची नोंद जोडा. झाडं, विहीर, घर यांचं मूल्य वेगळं धरावं लागतं. मोजणीत क्षेत्र कमी भरलं असेल तर तीही हरकत होते.

मुदत फार तोकडी आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. हजर नसाल तरी सहाच आठवडे धरून चाला. अर्ज लेखी, जिल्हाधिकाऱ्यांकडे. राष्ट्रीय महामार्गात जमीन गेली असेल तर मात्र वाट वेगळी, 1956 च्या कायद्याखाली लवादाकडे जावं लागतं. त्यामुळे नोटीस कुठल्या कायद्याची आहे ते आधी वाचा.

आमच्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांनी निषेध लिहिला होता, त्यांचा अर्ज चालू आहे. त्याच अधिसूचनेतल्या जमिनीला प्राधिकरणानं (असे अर्ज ज्याच्यापुढे चालतात त्यानं) मोबदला वाढवून दिला, तर अर्ज न केलेल्यांनाही कलम 73 खाली तीन महिन्यांत तसाच मोबदला मागता येतो. अण्णांची आता तेवढीच आशा. शेजाऱ्यांच्या प्रत्येक तारखेला मी जातो.