मैत्रीला नशीब नाही, थांबणं लागतं

‘लांबच्या बाइक प्रवासात माणसं भेटणं हा निव्वळ नशिबाचा भाग’ हे वाक्य एका लेखात वाचलं, आणि मुळीच पटलं नाही. इंदूरहून धुळ्याकडे निघालेला गाडीवाला खलघाटचा नर्मदेवरचा पूल, सेंधवा, बिजासन घाट सगळं एका दमात कापणार असेल, तर त्याला भेटणार कोण? थांबायला कारण लागतं, आणि चेनची देखभाल हे उत्तम कारण आहे. साधारण दर ५०० किलोमीटरला, चेन कोमट असताना वंगणाचा स्प्रे मारायचा आणि मग अर्धा तास तरी गाडी हलवायची नाही, नाहीतर तो सगळा मागच्या चाकावर उडतो. त्या अर्ध्या तासात हेल्मेट काढून बसा. बंद हेल्मेटमधल्या माणसाशी कुणी आपणहून बोलत नाही.

पंक्चरचा तर लेखात उल्लेखच नाही, आणि खरी ओळख तिथेच होते! ट्यूब असलेल्या स्पोकच्या चाकाला ट्यूबलेसचं प्लग किट (बाहेरूनच भोकात रबराची पट्टी खुपसायचं सामान) चालत नाही. टायर उतरवावाच लागतो. एकाने टायरची समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरली, की दुसऱ्याचा लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, सहज फिरतो. ट्यूब बसवण्याआधी तिच्यात थोडी हवा भरायची, नाहीतर ती लिव्हरखाली चिमटून पुन्हा फाटते. म्हणून आपली गाडी ट्यूबलेस असली तरी लिव्हर, पॅच, सोल्यूशन आणि पंप जवळ असू द्या. जादा ट्यूब नेली तरी तिचं माप दुसऱ्याच्या चाकाला जुळेलच असं नाही, पण हे सामान रस्त्यात अडकलेल्या कुणाच्याही कामी येतं.