हीथची छाटणी : हिरव्या भागाच्या खाली कात्री का लावू नये?

सस्नेह नमस्कार,

हीथच्या, म्हणजे कॅलूना आणि एरिका या बारीक पानांच्या सदाहरित फुलझुडपांच्या छाटणीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मतभेद स्पष्ट शब्दांत मांडलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. पाने नसलेल्या जून फांदीत कापू नये हा नियम आपल्याला अतिसावध वाटतो, कारण स्कॉटलंडच्या माळरानांवर हीच झुडपे जाळली जातात आणि तरीही पुन्हा फुटतात. शरद ऋतूत बाग आवरताना इतर झुडपांबरोबर हीथही छाटले तर काय बिघडते, असे आपण विचारता. आणि निसर्गात या झुडपांना कोणी कात्री लावत नाही, मग दरवर्षी छाटण्याचा आग्रह कशासाठी, हा आपला तिसरा मुद्दा आहे. मी या तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर नीट समजले की पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी होतात.

कॅलूना, म्हणजे ज्याला सर्रास हीदर म्हटले जाते त्या झुडपाची एक डहाळी हिवाळ्याच्या शेवटी हातात घेऊन पाहावी. टोकाला खवल्यांसारखी बारीक, समोरासमोर बसलेली हिरवी पाने दिसतात. त्याखाली गेल्या बहरातील सुकलेल्या, तपकिरी, कागदासारख्या फुलांचा पट्टा असतो, त्याच्या लगेच खाली थोडी हिरवी पाने, आणि त्याच्याही खाली नुसती काडी. फुले गळाली की तो मधला पट्टाही उघडा पडतो, शेंडा मात्र पुढे वाढत राहतो आणि पुढच्या हंगामात आणखी वर फुलतो. त्यामुळे झुडपाचा हिरवा भाग दरवर्षी मुळापासून थोडा थोडा दूर सरकतो, फांद्या लांब आणि लाकडी होत जातात व शेवटी त्या भाराने बाजूला पसरून झुडूप मधोमध फाकते. निसर्गात हे होतच नाही असे नाही. मेंढ्या, हरणे आणि माळावरचे पक्षी कोवळे शेंडे खुडतात तेथे झुडूप दाट राहते, आणि कोणी खुडत नाही तेथे ते असेच पोकळ होत साधारण ३० ते ४० वर्षांत संपते. आपली वार्षिक छाटणी म्हणजे त्या चरण्याचीच जागा भरून काढणे आहे.

आता आगीविषयी. आपले निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. माळावरील हीदरच्या बुंध्याचा खालचा भाग बहुधा शेवाळात आणि कुजलेल्या पाल्यात गाडलेला असतो, आणि नवे फुटवे तेथून येतात. व्यवस्थित लावलेली आग वरून झपाट्याने निघून जाते व हा गाडलेला भाग वाचतो. शिवाय फुटण्याची ही ताकद तरुण झुडपात चांगली असते आणि साधारण १५ वर्षांनंतर ती उतरत जाते. जुने रान जळाल्यावर जी हिरवळ दिसते ती पुष्कळदा बियांपासून उगवलेली असते. हीदरचे बी मातीत दीर्घकाळ टिकून राहते, आणि उष्णता व धूर यांमुळे त्याच्या उगवणीला चालना मिळते. म्हणून माळ पुन्हा हिरवा झाला याचा अर्थ तेच झुडूप पुन्हा फुटले असा होत नाही. माळाला शेकडो झुडपे गमावून चालते, आपल्याला मात्र आपले एकच झुडूप वाचवायचे असते. बागेत आपण कापतो ते बहुतेक वेळा बुंध्याच्या बरेच वर, उघड्या लाकडात. तेथे जागे होतील असे डोळे, म्हणजे फुटव्याचे सुप्त अंकुर, क्वचितच उरलेले असतात, आणि ती फांदी तशीच वाळून जाते.

आपल्या परिचितांचे गुडघ्यापर्यंत कापलेले झुडूप जोमाने फुटले, हा दाखलाही आपण दिला आहे. माणसाच्या उंचीचे झुडूप, वसंतातली पांढरी फुले आणि मधासारखा वास, या आपल्या वर्णनावरून ते वृक्षहीथ, म्हणजे एरिका आर्बोरिया असावे. त्याची गोष्ट मुळातच वेगळी आहे. त्याच्या बुंध्याशी जमिनीलगत लाकडाची मोठी गाठ असते, तिच्यात सुप्त डोळे साठलेले असतात, आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या वणव्यांनंतर ते तेथूनच उभे राहते. (तंबाखूचे उत्तम पाइप याच गाठीपासून बनवतात, कारण ती सहजासहजी जळत नाही.) अशा झुडपाला कठोर छाटणी मानवते, किंबहुना लहानपणीची एक-दोन वर्षे बहरानंतर त्याच्या फांद्या निम्म्यावर आणल्या तर ते भरगच्च होते. मात्र हा गुण साऱ्या हीथवर्गाला लावता येणार नाही. एरिका या प्रजातीत ८०० हून अधिक जाती आहेत व त्यांतील बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील आहेत. तो प्रदेश वणव्यांना सरावलेला असूनही तेथील अनेक जाती आगीत पूर्णपणे मरतात आणि केवळ बियांतून परततात.

शरदातील छाटणीबाबत माझा विरोध सरसकट नाही, तो जातीनुसार आहे. हिवाळ्यात फुलणाऱ्या एरिका कार्नियाच्या पुढच्या बहराच्या कळ्या उन्हाळ्याच्या अखेरीसच धरलेल्या असतात. डहाळी जवळून पाहिली तर पानांच्या बेचक्यांत फिकट हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसतात. शरदात कात्री लावली की नेमके तेच कापले जातात, आणि मग ‘यंदा फुललेच नाही’ म्हणून माती व खत यांना दोष दिला जातो. या जातीची हलकी छाटणी बहर ओसरताच, वसंतात उरकावी. कॅलूना, तसेच उन्हाळ्यात फुलणाऱ्या एरिका सिनेरिया व एरिका व्हेगन्स यांची छाटणी वसंताच्या सुरुवातीला, नवी पालवी फुटण्याच्या बेतात असताना करावी, कारण कडक थंडीत वाळलेली फुले खालच्या डहाळ्यांवर पांघरुणासारखी राहतात. हिवाळा सौम्य असेल तेथे कॅलूना शरदात छाटल्याने फारसे बिघडत नाही, एवढे मी मान्य करते. दक्षिण गोलार्धात महिने उलटे होतात, म्हणूनच लेखात मी महिन्यांऐवजी बहराचा आधार घेतला होता.

आपले स्वतःचे कॅलूनाचे झुडूप मधोमध उघडे पडले आहे आणि ते जमिनीपर्यंत कापण्याचा आपला विचार आहे. कृपया तसे करू नये. वसंतात ते मुळांसकट उचलावे, पहिल्यापेक्षा खोल खड्डा करावा आणि फक्त हिरवे शेंडे वर राहतील इतके खाली बसवावे. मग फाकलेल्या फांद्यांच्या मधे वाळू मिसळलेली आम्लधर्मी माती हाताने दाबत भरावी व उन्हाळाभर ती ओलसर ठेवावी. गाडलेल्या फांद्यांना मुळे धरण्यास बहुधा वर्षभर लागते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात फुले नसलेल्या शेंड्यांचे चार-पाच सेंटिमीटरचे काही तुकडेही वाळूमिश्रित मातीत लावून ठेवावेत, म्हणजे जुने झुडूप दगावले तरी तीच जात हातात राहील. मुळे धरलेल्या फांद्या पुढच्या वसंतात वेगळ्या करून लावाव्यात आणि त्याच वेळी त्यांचे शेंडे किंचित खुडावेत. त्यानंतर दरवर्षी मूठभर डहाळ्या एकत्र धरून सर्वांत खालच्या सुकलेल्या फुलांच्या लगेच खाली, पण कापाखाली थोडी हिरवी पाने राहतील अशा बेताने धारदार कात्री चालवावी. सगळ्या डहाळ्या एकाच उंचीवर आणून गोल चेंडू करण्यापेक्षा थोडे वरखाली ठेवलेले झुडूप मला अधिक शोभिवंत वाटते. छाटलेला पाला मात्र झुडपात अडकू देऊ नये, कारण ओल धरून तो आतल्या डहाळ्या कुजवतो.