मिसाईल चालेल, ओल नाही

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घराघरांत शिरलं, आणि त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फ्लॅटचा विमा काढायचा ठराव घरात मंजूर झाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. "पाणी इथवर आलं, तर पैसे द्यायला कंपनी तरी उरेल का?" ही माझी शंका आईने कामकाजातून काढून टाकली.

एजंट आले, संत्रा बर्फीसमोर बसले. कोणती कंपनी घ्यावी यावर मी चांगला अभ्यास करून ठेवला होता. तो वाया गेला, कारण १ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागते.

"किती रकमेचा काढायचा?"

"६० लाख," मी छाती फुगवून म्हणालो. फ्लॅट तेवढ्याचाच आहे.

"जमिनीचा विमा नाही होत न साहेब. जमीन कुठं जाऊन राहिली? कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा खर्च."

८०० चौरस फूट, फुटाला २००० रुपये. १६ लाख. म्हणजे उरलेले ४४ लाख मी पूर्वेच्या दारासाठी आणि 'मेट्रो दहा मिनिटांवर' यासाठी मोजले होते!

सामानाचं सोपं निघालं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप. यादी लागत नाही. पण हे वाक्य येईपर्यंत आई पितळी घंगाळापर्यंत पोचली होती.

"दागिन्यांचं मात्र वेगळं सांगा, किमतीसकट."

खोलीत एकदम सामसूम. सासूसमोर सून बोलेना, सुनेसमोर सासू. दोघी एकदमच बर्फी घ्या म्हणाल्या. दागिने राहिले.

"चोरी?"

"आग, पूर असं काही झालं, अन् त्यापायी सात दिवसांत चोरी झाली, तर मिळते. नाहीतर घरफोडीचं वेगळं घ्या."

चोराने आधी पूर आणायचा, मग आत यायचं. शिस्त म्हणून बरी आहे.

मग त्यांनी संकटं वाचून दाखवली. वीज, भूकंप, दंगल, टाकी फुटणं, एवढंच काय, क्षेपणास्त्राची चाचणीसुद्धा. मी आशेने छताकडे बोट दाखवलं. वरच्यांच्या बाथरूममधून तिथे ओल उतरते आणि दर पावसाळ्यात नकाशा वाढवते.

"हळूहळू झिरपते ते नाही बसत साहेब. एकदम फुटलं पाहिजे."

वरच्यांना तशी विनंती कशी करायची, यावर माझा विचार चालू आहे.

शेवटी कूलर. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर लटकतो, म्हणून बायकोने विचारलं, "हा घरातला धरायचा की बाहेरचा?" एजंट प्रथमच अडखळले. त्यांनी ऑफिसला फोटो पाठवला. तासाभराने तिकडून उलट प्रश्न आला: स्टँडला सोसायटीची परवानगी आहे का?