‘माणसाला वीसच अ‍ॅप लागतात’ या आक्षेपाला उत्तर

महोदय,

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या बंद पडलेल्या मोबाइल प्रणालीवरील माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की त्या फोनच्या स्टोअरमध्ये लाखांनी अ‍ॅप होती आणि सामान्य माणूस पंधरा-वीसच्या पुढे जात नाही. जे अ‍ॅप नव्हते त्याचे काम ब्राउझरमध्ये भागत होते. तो प्लॅटफॉर्म (म्हणजे फोनची प्रणाली आणि तिचे स्टोअर) बुडाला तो मायक्रोसॉफ्टच्या धरसोडीमुळे, आणि मी मात्र सारा दोष अ‍ॅप न बनवणाऱ्या कंपन्यांच्या माथी मारला. शेवटी आपण विचारले आहे, की लहान प्लॅटफॉर्मचा फोन मग कोणी घ्यायचाच नाही का.

वीस हा आकडा मला मान्य आहे. वाद आहे तो ही वीस अ‍ॅप कोण ठरवतो याबद्दल. त्यातली निम्मी आपण आवडीने घेतो. गाण्यांचे एक अ‍ॅप नसले तर दुसरे चालते, नोंदींचे, हवामानाचे, क्रिकेटच्या धावफलकाचेही तसेच. उरलेली निम्मी मात्र आपली बँक, मुलांची शाळा, कार्यालय आणि नातेवाईक आपल्यासाठी ठरवून मोकळे झालेले असतात, आणि त्यांना पर्याय नसतो. २०१४ साली विंडोज फोनच्या स्टोअरमध्ये तीन लाखांहून अधिक अ‍ॅप असल्याचे मायक्रोसॉफ्ट सांगत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नावाने किंवा चिन्हाने दिशाभूल करणारी दीड हजारांहून अधिक अ‍ॅप तिला आपल्या स्टोअरमधून काढून टाकावी लागली. मोठा आकडा असा फुगवता येतो. हवे असलेले एक अ‍ॅप त्या तीन लाखांत नसेल, तर त्या माणसापुरते ते दुकान रिकामेच असते.

माझ्या मावशीकडे नोकियाचा ल्युमिया ५२० हा विंडोज फोन होता. चार इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, मागचे रंगीत झाकण काढून बॅटरी बदलता येईल असा तो फोन त्याच किमतीच्या कोणत्याही अँड्रॉइडपेक्षा सफाईने चालत असे, आणि तिने तो हौसेने वापरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. ३० डिसेंबरला भीम अ‍ॅप आले ते अँड्रॉइडवर. काही आठवड्यांनी ते आयफोनवरही आले. मावशीच्या फोनवर ते आलेच नाही. इथे ब्राउझरही कामाचा नव्हता, कारण यूपीआयची नोंदणी करताना त्या फोनमधल्या सिमवरूनच एसएमएस जावा लागतो आणि त्यावरून क्रमांक व फोन यांची जोडी पक्की केली जाते. कोणतेही संकेतस्थळ हे काम परस्पर करू शकत नाही. भाजीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागत असताना धडधाकट चालणारा फोन तिने कपाटात ठेवून दिला. तिने वापरलेली अ‍ॅप मोजली असती तर दहासुद्धा भरली नसती.

‘ब्राउझर होता ना’ या आपल्या मुद्द्याकडे मी मुद्दाम थांबून पाहतो, कारण तो वरवर सर्वांत वाजवी वाटतो. जानेवारी २०१३ मध्ये विंडोज फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल नकाशांचा पत्ता टाकला की नकाशा न उघडता गूगलचे शोधपानच उघडू लागले. गूगलने कारण दिले की आपले मोबाइल नकाशे वेबकिट या ब्राउझर-इंजिनासाठी बनवले आहेत. ओरड झाल्यावर तो अडथळा काढण्यात आला. म्हणजे ब्राउझरचे दारही समोरच्याच्या मर्जीनेच उघडे राहते. यूट्यूबचे प्रकरण याहून बोलके आहे. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच यूट्यूबचे चांगले अ‍ॅप बनवून दिले. त्यात जाहिराती दिसत नव्हत्या आणि व्हिडिओ उतरवून घेता येत होते, म्हणून गूगलने ते मागे घेण्यास सांगितले, आणि तेवढ्यापुरती गूगलची तक्रार रास्त होती असे मी आजही म्हणेन. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहिराती दाखवणारी, व्हिडिओ उतरवण्याची सोय काढून टाकलेली नवी आवृत्ती आणली. तीही दोन-तीन दिवसांत रोखली गेली, आणि या वेळी मागणी होती की अ‍ॅप एचटीएमएल-५ या वेबपानांच्या भाषेतच लिहिलेले असावे. अँड्रॉइड व आयफोनवरची यूट्यूबची अ‍ॅप तशी लिहिलेली नव्हती, हे मायक्रोसॉफ्टने उघडपणे मांडले. पण निर्णय तिच्या हातात नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ल्युमियावरचे यूट्यूबचे चिन्ह दाबले की संकेतस्थळ उघडावे, एवढ्यावर ते अ‍ॅप येऊन ठेपले. ज्यांच्या घरी हा फोन होता त्यांना ते हळू उघडणारे पान आठवत असेल.

रुडी ह्युन या फ्रेंच विकसकाने इन्स्टाग्रामसाठी ‘सिक्सटॅग’ आणि स्नॅपचॅटसाठी ‘सिक्सस्नॅप’ ही अ‍ॅप एकट्याने लिहिली, आणि ती इतकी नेटकी होती की अधिकृत अ‍ॅपची उणीव बरीचशी भरून निघाली. डिसेंबर २०१४ मध्ये स्नॅपचॅटच्या मागणीवरून ‘सिक्सस्नॅप’ स्टोअरमधून गेले आणि अधिकृत स्नॅपचॅट तर कधी आलेच नाही. कोणी तरी मेहनत घेऊन भरलेली जागासुद्धा अशी पुन्हा रिकामी करून घेतली गेली, याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले होते.

आता धरसोडीबद्दल. ती झाली, आणि मी ती कमी लेखत नाही. एप्रिल २०१२ मध्ये नोकियाने ल्युमिया ९०० अमेरिकेत वाजतगाजत विकायला काढला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज फोन ८ जुन्या फोनवर मिळणार नाही. पुढे ८.१ आणि त्यानंतर विंडोज १० मोबाइल आले, आणि प्रत्येक वेळी विकसकांपुढे अ‍ॅप लिहिण्याची नवी रीत ठेवली गेली. अँड्रॉइडची अ‍ॅप थोड्या फेरफाराने इकडे आणता यावीत यासाठीचा ‘अस्टोरिया’ प्रकल्प एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुंडाळला गेला. परंतु ही धरसोड ग्राहकापर्यंत पोहोचली कोणत्या वाटेने? फोनचा कॅमेरा उत्तम होता, पडदा उत्तम होता, पडद्यावरच्या चौकोनी टाइल्सची मांडणी पाहून आजही डोळे निवतात. जे पोहोचले नाही, किंवा येऊन जुने पडत गेले, ते अ‍ॅपच. आपण ज्यांना दोन वेगळी कारणे मानता, ती माझ्या दृष्टीने एकाच कारणाची दोन टोके आहेत: कमी ग्राहक म्हणून अ‍ॅप नाही, अ‍ॅप नाही म्हणून कमी ग्राहक, आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रत्येक कोलांटउडीने हा फास आणखी आवळला. ऑक्टोबर २०१७ मध्ये या कंपनीचे ज्यो बेल्फिओर यांनी जाहीरपणे लिहिले, की आम्ही विकसकांना पैसे दिले, त्यांच्यासाठी अ‍ॅपही लिहून दिली, पण ग्राहकसंख्या फारच थोडी पडली. पैसा कमी नसलेल्या कंपनीला जे जमले नाही, ते लहान कंपनीला केवळ सातत्याच्या बळावर जमेल असे मला वाटत नाही.

याचा दुसरा पुरावा आपल्याच देशातला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या प्रणालीवरचा इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन अवघ्या १,९९९ रुपयांत आला. त्याच्यावरचे प्रत्येक अ‍ॅप वेबच्या तंत्रानेच बनलेले होते, म्हणजे आपल्या ब्राउझरच्या मुद्द्याची ती पुरेपूर परीक्षाच होती. अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप त्यावर कधीच आले नाही आणि २०१५ च्या अखेरीस मोझिलाने फोनचा नाद सोडला. त्याच मुळातून निघालेली कायओएस ही प्रणाली घेऊन २०१७ मध्ये जिओफोन आला. वर्षभरात त्याचे ग्राहक अडीच कोटींच्या पुढे गेले आणि मग सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप त्या बटणांच्या छोट्या फोनवर आले. सुरुवातीला कॉलची सोय नव्हती, तरी गावोगावी लोकांनी ते घेतले. संख्येने जे मिळवले ते टिकले मात्र नाही. जून २०२४ पासून कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने उतरवून घेणे बंद झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला आधीच्या वापरकर्त्यांचेही बंद पडले. त्या ग्राहकांनी काय धरसोड केली होती?

म्हणून माझा आग्रह कंपन्यांच्या दयेवर थांबत नाही. स्नॅपचॅट कोठे असावे हा त्या कंपनीचा व्यवहार आहे. पैसे देणे-घेणे, वीजबिल, सरकारी दाखले ही मात्र नागरिकाची गरज आहे आणि ती दोनच प्लॅटफॉर्मच्या दावणीला बांधलेली नसावी. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्यासाठी *९९# ची सेवा आहे, मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तशाच फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केली, म्हणजे इच्छा असली की वाट निघते. तीच इच्छा लहान प्लॅटफॉर्मच्या स्मार्टफोनांबाबतही दाखवली जावी, असे मला तळमळीने वाटते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘घ्यावा’ असे आहे, पण पाहून. आज सेलफिश ओएससारख्या लहान मोबाइल प्रणालीवर अँड्रॉइडची बरीच अ‍ॅप चालतात, त्यामुळे जुनी अडचण पुष्कळ हलकी झाली आहे. नवी अडचण अशी, की काही बँकांची अ‍ॅप फोन व त्यातली प्रणाली विश्वासार्ह आहे का हे पाहणाऱ्या गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणीत फोन बसला नाही तर उघडूनही काम करायला नकार देतात. तेव्हा खरेदीपूर्वी आपल्या बँकेचे, यूपीआयचे आणि कार्यालयाचे अ‍ॅप नेमक्या त्याच फोनवर, नेमक्या त्याच आवृत्तीत चालते का, हे तो वापरणाऱ्या कोणाकडून खात्रीने समजून घ्यावे, आणि चालत नसेल तर बँकेशी जोडलेल्या सिमसाठी एक जुना अँड्रॉइड फोन घरात चालू ठेवावा.